समाधीशिळेवरील नागरिक

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात बडेक नावाचे एक लहान गाव आहे. त्याच्या समोर, सरोवरापलीकडच्या टेकडीच्या माथ्यावर दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची समाधी आहे. तिच्यावरील मोजक्या शब्दांत दोन गोष्टी कोरल्या आहेत : जन्म एडिंबरोचा आणि मृत्यू अमेरिकेचा नागरिक म्हणून. जन्म एका देशात, देह दुसऱ्या देशाच्या मातीत आणि नागरिकत्व तिसऱ्याच देशाचे! कीर्तीची एवढी मोठी शिदोरी पाठीशी असताना या माणसाला आपल्या समाधीवर नागरिकत्व नोंदवावेसे का वाटले असेल?

बेल यांचा जन्म १८४७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. त्यांच्या दोन भावांचा क्षयाने बळी घेतला, तेव्हा उरलेल्या एका मुलाला वाचवण्यासाठी आईवडिलांनी १८७० मध्ये देश सोडला आणि कॅनडातील ब्रँटफर्ड गाठले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनला बधिर मुलांना शिकवण्यासाठी गेले. १८७६ मध्ये त्यांना दूरध्वनीचे एकस्व मिळाले, तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक नव्हते. कायद्याच्या दृष्टीने ते राणी व्हिक्टोरियाचे प्रजाजनच होते. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी १८८२ मध्ये स्वीकारले. त्या वेळी त्यांच्याजवळ संपत्ती होती, मान होता, अमेरिकन पत्नी होती. नागरिकत्वावाचून त्यांचे फारसे काही अडले असते असे दिसत नाही. म्हणूनच या निर्णयाचे मोल अधिक आहे.

‘प्रजा’ आणि ‘नागरिक’ हे शब्द आपण सहजपणे एकमेकांच्या जागी वापरतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कायद्याला मात्र त्यांतील अंतर चांगले ठाऊक होते. जो राजाच्या राज्यात जन्मला तो मरेपर्यंत राजाचाच, असा त्या कायद्याचा जुना दंडक होता. माणसाने समुद्र ओलांडावा, परक्या देशात घर बांधावे, तेथील शपथ घ्यावी. तरी जन्माने बांधलेली गाठ सुटत नसे. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरील खलाशांना ‘हे आमचेच’ म्हणून पकडून नेई, आणि १८१२ च्या युद्धाला हेही एक कारण झाले. अखेर १८७० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून ही गाठ सोडण्याची मुभा दिली. बेल कुटुंबाने स्कॉटलंड सोडले तेही त्याच वर्षी.

अमेरिकेतील रीत त्या काळी साधी होती. परदेशी माणसाने न्यायालयात जाऊन नागरिक होण्याचा आपला इरादा आधी नोंदवायचा, पाच वर्षांचे वास्तव्य पुरे करायचे, चांगल्या वर्तनाची खात्री पटवायची आणि शपथ घ्यायची. इंग्रजी आलीच पाहिजे ही अट १९०६ साली आली. तोवर तीही नव्हती. शपथेतील एक भाग मात्र कठोर होता. ज्या राजाचे आपण प्रजाजन होतो त्याचे नाव घेऊन त्याच्यावरील निष्ठा सोडावी लागे. बेल यांच्या बाबतीत ते नाव व्हिक्टोरियाचे. जन्माने जे मिळाले ते सोडून, विचारान्ती जे स्वीकारले त्याला बांधून घेणे, हे नागरिकत्वाचे शुद्ध रूप म्हटले पाहिजे. जन्मसिद्ध नागरिकाला असा क्षण लाभतच नाही. आपल्या देशाविषयी त्याने कधी होकार वा नकार दिलेलाच नसतो.

येथे थांबलो, तर ही कथा सुंदर राहील. पण ती अर्धीच राहील. त्याच १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशाचे दार बंद करणारा कायदा केला आणि चिनी माणसाला नागरिक करून घेण्यास न्यायालयांना मनाई केली. ज्या वर्षी एका स्कॉटिश शिक्षकाचा हात शपथेसाठी वर गेला, त्याच वर्षी डोंगर फोडून रेल्वेमार्ग घालणाऱ्या हजारो हातांना तो हक्क नाकारला गेला. १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचे दार केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांसाठी उघडले होते. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला, आशियाई बाहेरच राहिले. ज्यांची ती मूळ भूमी, त्या सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळण्यास तर १९२४ साल उजाडावे लागले. बेल यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वास अपात्र ठरवले. पहिल्या महायुद्धात त्या देशाच्या सैन्यात त्यांनी नोकरी केली होती, हे कामी आले नाही. भारतीयांसाठी ते दार १९४६ मध्ये उघडले. बेल यांची निवड खरी होती, यात संशय नाही. पण निवडीचा हक्क ज्याला आहे त्याचे उदाहरण, तो नसलेल्यांपुढे कित्ता म्हणून ठेवणे हा अन्याय आहे, आणि स्थलांतरितांविषयीच्या भाषणांतून तो वारंवार घडतो.

बेल यांच्या मनाची आणखी एक बाजू पाहावी लागते. आपली निष्ठा दोन देशांत वाटलेली नाही, असे त्यांनी १९१५ मध्ये स्पष्ट केले होते. नव्या समाजात माणसाने पूर्णपणे विरघळून जावे, हा त्यांचा आग्रह. तोच आग्रह त्यांनी बधिरांपुढेही धरला. त्यांच्या आईला कमी ऐकू येई, पत्नी पूर्ण बधिर. बधिरांविषयीची त्यांची कळकळ अस्सल होती. तरीही खुणांच्या भाषेमुळे बधिरांचा वेगळा समाज तयार होईल आणि त्यांच्या आपसांतील विवाहांतून बधिरांचा वेगळा वंशच निपजेल, अशी भीती त्यांनी १८८३ मध्ये विद्वानांपुढे मांडली. बधिरांनी ओठ वाचावेत, तोंडाने बोलावे आणि इतरांत मिसळून जावे, हे त्यांचे मत. या मताच्या प्रभावाखाली कित्येक शाळांतून मुलांच्या हातांची भाषा हद्दपार झाली. ती भाषा स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवण्यास १९६० साल उजाडले. स्वतःसाठी स्वखुशीने निवडलेले विरघळणे दुसऱ्यावर कर्तव्य म्हणून लादले, की त्याचे स्वरूप पालटते. बेल यांच्यासारख्या सहृदय माणसालाही हे उमगले नाही.

शिवाय ते स्वतः तरी कितपत विरघळले होते? नागरिकत्व घेऊन चार वर्षेही झाली नाहीत, तोच बडेकच्या परिसराने त्यांना भुरळ घातली. तेथील पाणी, टेकड्या आणि धुके स्कॉटलंडची आठवण देणारे होते. टेकडीवर त्यांनी मोठे घर बांधले, पुढील उन्हाळे तेथेच घालवले आणि २ ऑगस्ट १९२२ रोजी तेथेच देह ठेवला. त्या जागेला त्यांनी नाव दिले ‘बेन व्रीया’. हे नाव इंग्रजी नाही. ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक भाषेतले आहे, आणि त्याचा अर्थ आहे ‘सुंदर पर्वत’.