दुसरा बाण आपणच मारून घेऊ नका



देव्हाऱ्यातील टाक आणि मूर्ती वाहत्या पाण्यात सोडून जो माणूस घरी परतला, त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवस कोणता? तो दीक्षेचा दिवस असेल असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. त्या दिवशी शेकडो माणसे सोबत असतात, अंगावर शुभ्र वस्त्रे असतात आणि मन उत्साहाने भरलेले असते. कठीण दिवस पुढे येतो. पोर तापाने फणफणते, काढणीला आलेले पीक पावसात कुजते, कारखान्याला कुलूप लागते, कालपर्यंत हाक मारणारा शेजारी तोंड फिरवून जाऊ लागतो. आणि अशाच एखाद्या रात्री, दिवा मालवल्यावर, मनाच्या कोपऱ्यातून एक प्रश्न डोके वर काढतो : देव सोडले म्हणून तर हे घडले नसेल?

आपण जो प्रश्न मनात दाबून ठेवतो, तोच गावाकडची एखादी आत्या चारचौघांत मोठ्याने विचारते. तिच्या बोलण्यात दुष्टावा असतोच असे नाही; ती स्वतःही घाबरलेली असते. परंतु तिचे शब्द ऐकून घरातील आईच्या काळजात जे होते, ते आजवर आम्ही आमच्या स्तंभांतून पुरेसे लिहिले नाही. हक्कांविषयी लिहिले, सवलतींविषयी लिहिले, अत्याचारांविषयी तर किती लिहावे! पण संकटाच्या काळात माणसाच्या मनाचे काय होते आणि ते मन कसे सांभाळावे, याविषयी आपण सर्वच मौन पाळतो. त्या मौनाची किंमत आपली घरे मोजीत आहेत. यास्तव आज या विषयाला हात घालीत आहोत.

प्रथम आपलाच इतिहास आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी, दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. विचार करा, त्या लोकांची अवस्था काय झाली असेल? जुने घर सोडलेले, नव्या घराच्या भिंती अजून ओल्या, आणि घर बांधणाराच निघून गेलेला! देवांचा कोप झाला असे म्हणणारे त्या काळीही होतेच. तथापि ७ डिसेंबर रोजी मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या वेळी काय घडले? शोकाकुल जनसमुदायाने तेथेच, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून, धम्मदीक्षा घेतली. ती माणसे रडत नव्हती काय? ढसढसा रडत होती. रडता रडताच ती एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दुःख दाबून कोणी धैर्यवान होत नाही. दुःख वाटून घेतले की धैर्य येते, हा त्या दिवसाचा धडा आहे.

खुद्द बाबासाहेबांचे जीवन पाहा. आपण त्यांचे पुतळे उभारले; पुतळ्याच्या डोळ्यांत अश्रू नसतात, म्हणून त्यांनाही ते कधी आले नसतील असे आपण समजू लागलो. वस्तुतः त्यांची चार अपत्ये बालपणीच दगावली. १९२६ साली लहानगा राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी आपल्या एका स्नेह्याला पत्र लिहिले आणि पुत्रशोकाने आपण किती खचलो आहोत हे त्यात लपविले नाही. एवढा विद्वान, एवढा करारी पुरुष. पण आपले दुःख मित्रापाशी उघड करण्यात त्यास कमीपणा वाटला नाही. वर्ष लोटण्यापूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, तोच पुरुष महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंच्या अग्रभागी उभा होता. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची ऐतिहासिक घोषणा झाली. यातून प्रत्येकाने इतक्याच लवकर सावरावे असा अर्थ कोणी काढू नये. प्रत्येकाच्या जखमेला आपापला वेळ लागतो. अर्थ इतकाच, की दुःख बोलून दाखविणे आणि लढ्यात उभे राहणे यांत विरोध नाही.

आता तथागतांनी या बाबतीत काय सांगितले आहे ते पाहू. संयुत्तनिकायात दोन बाणांचा एक दृष्टान्त आहे. एखाद्या माणसाला बाण लागला तर वेदना होणारच. पण अजाण माणूस त्या वेदनेवर शोक, संताप, भीती यांचा भार चढवितो. जणू एका बाणाच्या पाठोपाठ त्याला दुसरा बाण लागतो. सुज्ञ माणसाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही. भगवंतांनी वेदना नाकारली नाही, हे येथे ध्यानात घ्या. पहिला बाण खराच असतो. ताप खरा, नापिकी खरी, बहिष्कार खरा. परंतु ‘हे माझ्याच पापाचे फळ’, ‘धर्म बदलल्याची ही शिक्षा’, ‘माझ्यातच काही खोट आहे’ हे विचार म्हणजे दुसरा बाण होय. आणि तो पुष्कळदा आपल्याच हाताने सुटतो.

हा दुसरा बाण आपल्या घरांत कोणकोणती रूपे घेतो? त्याचे पहिले रूप भय. शतकानुशतके आपल्याला शिकविले गेले, की आजार म्हणजे कोप आणि वेड म्हणजे करणी. धर्म एका दिवसात बदलता येतो. मनात रुजलेले भय एका दिवसात जात नाही. म्हणून दीक्षा घेतलेल्या घरातील माणूसही कधी अंधारात भगताच्या दारी जातो, आणि परतल्यावर दुप्पट खजील होतो. अशा माणसाची हेटाळणी करू नका. त्याने प्रतिज्ञा मोडली म्हणून त्याला फैलावर घेण्यापूर्वी, तो इतका घाबरला होता तेव्हा आपण कोठे होतो, हे स्वतःला विचारा. मात्र भगताला क्षमा नको. दैवी उपचाराच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे, औषधोपचारापासून रोखणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे.

दुसरे रूप दारूचे. मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे, ती केवळ नीतीसाठी नाही. दारू चिंता बुडवीत नाही; झोप मोडते, उदासी वाढविते आणि घरातील बायकापोरांवर नवे संकट आणते. पण जो तिच्या पुरता आहारी गेला, तो रोगी आहे. त्याला विहाराच्या दारातून परत पाठविणे हा धम्म नव्हे. वर्षानुवर्षे भरमसाट पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊन जीवाला धोका होऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी.

तिसरे रूप मौनाचे, आणि ते सर्वांत घातक. पुरुष बोलत नाहीत, कारण पुरुषाने खचू नये अशी समजूत. सून बोलत नाही, कारण माहेरी बुद्धवंदना आणि सासरी अजून जुने देव, मग बोलावे कोणापाशी? शहरातील वसतिगृहात राहणारा मुलगा बोलत नाही. आडनाव ऐकून बदललेल्या नजरा, राखीव जागेवरून मारलेले टोमणे तो गिळतो, कारण घरी आईबापांनी कर्ज काढून पाठविलेले असते. आणि आपण दूरध्वनीवर त्याला पहिला प्रश्न काय विचारतो? गुण किती पडले! तसे करू नका. जेवलास काय, झोप लागते काय, तिथे कोणी मित्र मिळाला काय, हे आधी विचारा. गुणांचे मागाहून पाहता येईल.

मग उपाय काय? पहिला उपाय बोलण्याचा. मृत बालकाला उराशी घेऊन औषध मागणाऱ्या किसा गोतमीची कथा आपण जाणतोच. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास भगवंतांनी तिला सांगितले. ही कथा मृत्यू अटळ आहे हे शिकविण्यासाठी सांगतात, ते खरेच. परंतु आणखी एक गोष्ट पाहा. भगवंतांनी तिला एकांतात बसविले नाही, दारोदार पाठविले. प्रत्येक उंबऱ्यावर तिने कोणाचे तरी दुःख ऐकले. गोतमीला मोहरी मिळाली नाही. आपण एकटीच दुःखी नाही हे ज्ञान मात्र मिळाले. आपल्या विहारांनी हे काम का करू नये? रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास राखून ठेवा. स्त्रियांनी स्त्रियांपाशी, तरुणांनी तरुणांपाशी मन मोकळे करावे. ऐकणाऱ्याने उपदेशाची घाई करू नये, आणि ऐकलेले चव्हाट्यावर नेऊ नये.

दुसरा उपाय ज्ञानाचा. अनिश्चिततेचे अर्धे ओझे अज्ञानाचे असते. ‘धर्म बदलला, आता पोरांच्या सवलती जाणार’ ही धास्ती आजही अनेकांची झोप उडविते. १९५६ नंतर कित्येक वर्षे ती खरीही होती. बौद्ध झाल्यामुळे केंद्राच्या सवलतींना मुकलेल्या पिढीने तो त्याग केला म्हणून आपण येथवर आलो. परंतु १९९० साली संसदेने कायदा केला आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. अनुसूचित जातीच्या माणसावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ सालच्या दुरुस्तीने गुन्हा आहे. ज्याला आपला हक्क ठाऊक असतो, त्याच्या मनातील भीती निम्मी होते.

तिसरा उपाय देहाचा. मन देहात राहते हे विसरू नका. संकटातही दोन वेळचे अन्न वेळेवर घ्या, झोपेची वेळ पाळा, रोज थोडे चाला. सकाळी दहा मिनिटे शांत बसून आपल्या श्वासाकडे पाहा. आनापानाची ही साधना स्वतः भगवंतांनी शिकविली. तिला ना पुजारी लागतो, ना पैसा.

आणि चौथा उपाय वैद्याचा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक उडाली, कशातच गोडी वाटेना, कोणी नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले किंवा मरणाची भाषा तोंडी आली, तर तो आजार आहे असे समजा. केवळ वंदनेने वा ध्यानाने तो जाईल अशी वाट पाहणे हीही एक अंधश्रद्धाच होय. उदासीच्या आजारावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात; चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. मरणाची भाषा बोलणाऱ्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट ओझे हलके होते. मग त्याला एकटे सोडू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

हे मागताना कोणी उपकाराची भाषा केली, तर त्यालाही उत्तर आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणारे मानसोपचार मिळविणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला असून त्यात जात, धर्म वा वर्ग यावरून भेद करण्यास मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र मानसिक ताणाखालील व्यक्ती मानून शिक्षेऐवजी उपचार द्यावेत असेही त्यात म्हटले आहे. त्याच कायद्यातील आणखी एक तरतूद प्रत्येक धर्मांतरिताने ध्यानात ठेवावी. आपल्या समाजातील प्रचलित धार्मिक समजुती एखाद्याने मानल्या नाहीत, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही. देव सोडले म्हणून ‘याचे डोके फिरले’ असे जे म्हणतात, त्यांना हे ऐकवा.

१९५६ साली सुरू झालेली ही वाट आजही चालू आहे. २७ मे २००७ रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर भटक्या-विमुक्त समाजातील हजारो माणसांनी याच वाटेवर पाऊल टाकले. पुढेही नवी कुटुंबे येतील, त्यांच्यावरही कठीण दिवस येतील. पहिला बाण आपण प्रत्येक वेळी चुकवू शकणार नाही. पण बंधूंनो, भगिनींनो, ज्या घरात आजारी पोराच्या उशाशी बसलेल्या आईला कोणी म्हणेल, ‘बाई, यात तुझा काही दोष नाही, चल, आपण दवाखान्यात जाऊ, मी तुझ्याबरोबर आहे’, त्या घरात दुसरा बाण शिरू शकणार नाही. असे म्हणणारे माणूस आपल्या वस्तीत कोण आहे? कोणी नसेल, तर ते माणूस तुम्हीच व्हा.