‘मणक्यात गॅप’ आणि कडकन वाजणारी रील : कंबरदुखीत एक्स-रे कधी काढायचा?

सध्या मोबाईल उघडला की एक रील हमखास दिसते. माणूस पालथा झोपलेला, कुणीतरी पाठीवर झटका देतो, कडकन आवाज येतो आणि माणूस हसत उठतो. या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. आपल्याकडचे हाडवैद्य जे करत आले, त्याचाच हा अमेरिकन भाऊ म्हणा ना. तो आवाज मणका जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा असतो. बोटं मोडल्यावर येतो तसाच.

खरा प्रश्न एक्स-रेचा आहे. फिल्म उजेडाला धरून ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगितलं की माणूस अर्धा तिथेच खचतो. मुळात हा शब्दच उलटा आहे. वयानुसार दोन मणक्यांमधली गादी झिजते, म्हणजे अंतर वाढत नाही, कमी होतं. आणि साध्या एक्स-रेत गादी आणि नस दिसतच नाही, फक्त हाड दिसतं.

बरं, झीज दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असंही नाही. पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3,110 लोकांच्या सीटी स्कॅन आणि एमआरआयचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात 96 टक्के. केस पिकावेत तसंच हे. ‘गॅप’ शोधायला निघालं तर गावातल्या निम्म्या लोकांत सापडेल.

गंमत म्हणजे हे आता कायरोप्रॅक्टिकवालेही सांगतात. हा उपचार अमेरिकेत 1895 मध्ये सुरू झाला, 1910 पासून त्यात एक्स-रेचा वापर होऊ लागला. पण त्यांच्याच अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने 2017 मध्ये स्पष्ट केलं : कंबरदुखी नवी असेल आणि धोक्याचं लक्षण नसेल, तर पहिले सहा आठवडे एक्स-रे वा एमआरआय करू नका. किती फरक पडला हे बघायला पुन्हा पुन्हा फिल्म काढू नका. कंबरेच्या एका एक्स-रेत छातीच्या एक्स-रेच्या साधारण चौदा-पंधरा पट किरणं अंगात जातात, तेही लक्षात घ्या.

मग कधी काढायचा? झाडावरून, गाडीवरून पडला असाल. ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री झोपेतही दुखतंय. पूर्वी कॅन्सर झालाय. वय जास्त आहे, किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. अशा वेळी तपासणी आधी, पाठीला हात नंतर. आपल्याकडे मणक्याचा टीबी होतो, त्यावर झटका दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात. पायातली ताकद गेली, लघवी अडकली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. तिथे एक्स-रेवर भागत नाही, एमआरआयच लागतो.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. शिबिराचे पैसे भरण्याआधी ग्रामीण रुग्णालयात दाखवून घ्या. जुनी फिल्म सोबत न्या, म्हणजे नवी काढावी लागणार नाही.