पडदा एक, माउस पाच

आपल्या घरांतील मुले सहजच तीन-चार भाषांत वाढतात. घरी मारवाडी, गुजराती किंवा कन्नड, दुकानात मराठी-हिंदी आणि शाळेत इंग्रजी. अशी मुले गटाने संगणकापुढे बसली की ज्याची इंग्रजी अधिक सराईत, त्याच्या हाती माउस जातो आणि उरलेली मुले प्रेक्षक होतात. कागदोपत्री गट शिकतो. प्रत्यक्षात एकटाच शिकतो.

या प्रश्नावर एक उद्बोधक प्रयोग आपल्याच देशात झाला. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी ग्रामीण सरकारी शाळांतील ११-१२ वर्षांच्या २३८ मुलांना संगणकावर इंग्रजी शब्द शिकविले. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही मुलांना स्वतंत्र संगणक होता. काही ठिकाणी पाच जणांत एक संगणक व एकच माउस होता. अन्यत्र पडदा एकच, पण पाचही मुलांच्या हाती आपापला माउस होता.

या शेवटच्या रचनेचे दोन प्रकार होते. पहिल्यात कोणाही एकाने अचूक उत्तर टिपले की खेळ पुढे सरके. अर्थात तेथे शर्यत लागे. दुसऱ्यात पाचही जणांनी अचूक उत्तर निवडल्याविना पुढचा शब्द येत नसे. या दुसऱ्या प्रकारातील मुलांचे शब्दस्मरण स्वतंत्र संगणक मिळालेल्या मुलांच्या तोडीचे ठरले आणि एकाची अरेरावीही मावळली. यंत्र तेच होते, केवळ नियम बदलला होता.

सर्वांना सोबत न्यायचे, तर न कळलेल्याला समजावून सांगावेच लागते. आणि समजावणे घडते ते दोघांच्या ओळखीच्या भाषेत. सांगणाऱ्याचे ज्ञान त्याने पक्के होते, ऐकणाऱ्याचा संकोच जातो. म्हणून गटकार्यातही 'फक्त इंग्रजीत बोला' असा दंडक घालणारी शाळा मुलांच्या हातचे मोठे साधन काढून घेते.

पेढीवर एकाच भागीदाराला हिशेब कळून चालत नाही, हे आपण जाणतो. प्रत्येक मुलाला वेगळा टॅब घेण्यापूर्वी सुटीत जमलेल्या भावंडांना एकाच पडद्यापुढे बसवून पाहावे. माउस आळीपाळीने फिरावा, सर्वांना कळल्याखेरीज पुढचा धडा उघडू नये आणि समजावताना भाषा कोणतीही चालावी. पालकसभेतही संगणकांच्या संख्येबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : गटातील शेवटच्या मुलाच्या हाती माउस केव्हा येतो?