चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

पावसाळा आला की भिंतीवर फलक झळकतो : ‘निर्जलीकरण टाळा’. शब्द निर्दोष आहे. व्याकरण शिकविणारा मी त्यात खोड काढणार नाही. परंतु ज्या माउलीने तो वाचावयाचा, तिच्या घरची भाषा कोकणी. मुलाला जुलाब होऊ लागताच तिच्या कानी वडीलधाऱ्यांचा सल्ला पडतो : पाणी देऊ नकोस, पोट आणखी ढळेल. या सल्ल्याला फलकापाशी उत्तर नाही.

वस्तुतः जुलाबाने मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळेच. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, आणि हे सामर्थ्य जुलाब चालू असतानाही बरेचसे टिकून राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज व क्षारांचे पाणी रोग्यांना तोंडाने पाजविले. पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. तेथील कॉलऱ्याचे मृत्यू शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या आत आले.

उपाय सापडला, पण तो घरोघर सांगावयाचा कसा? बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या १९८० पासून दहा वर्षे दारोदार हिंडल्या व एक कोटीहून अधिक घरी पोचल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी : सारी मापे आईच्या हातातली. पुढे दुसरी व्यक्ती जाऊन आईला कृती कितपत आठवते हे पाही, आणि त्यावर शिकविणारीचे वेतन ठरे. (आम्हा शिक्षकांना हा नियम लागू नाही, हे आमचे भाग्य!)

आपल्याकडे जलसंजीवनीची पुडी मिळते, आणि ती असता हाताच्या मापावर विसंबू नये. घरची मीठ घातलेली पेजही आजारी मुलास चालते. कोकणीत हे एका वाक्यात सांगता येईल. मात्र पुडीवर ‘एक लिटर’ लिहिलेले असते, आणि स्वयंपाकघरात लिटर नावाचे भांडे नसते. सबंध पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर ते पाणी अतिखारट होऊन अपाय करते. वरच्या वर्गांतील मुलामुलींनी एक लिटर पाणी मोजून घरच्या एखाद्या पातेल्यावर खूण करावी, आणि आठवड्याने सहज विचारावे : “ही पुडी कितल्या उदकांत घालची गे आई?”