प्रोसेसर नेमका कोणासाठी बदलायचा?

लॅपटॉप घेण्यासाठी दुकानात गेलेल्या माणसाला विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा आणि दुसरा प्रोसेसरचा. 'आय थ्री दाखवू, आय फाइव्ह की आय सेव्हन?' या प्रश्नातच अर्धे उत्तर दडलेले असते. मोठा आकडा म्हणजे उंची माल, असे गिऱ्हाइकाने मनोमन आधीच ठरवलेले असते. मग काही हजार रुपये अधिक मोजून तो वरची पायरी चढतो. घरी आल्यावर त्या यंत्रावर काय होते? पत्रे लिहिली जातात, दुकानाचा हिशेब मांडला जातो, नोकरीचे अर्ज भरले जातात, मुलांचे वर्ग पडद्यावर पाहिले जातात. एवढ्या कामासाठी मोजलेली ती जादा रक्कम सार्थकी लागली का, हा प्रश्न वरवर केवळ घरखर्चाचा वाटतो. पण त्याची मुळे प्रोसेसर घडवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांनी घेतलेल्या निर्णयांपर्यंत पोचलेली आहेत.

प्रोसेसर म्हणजे संगणकाच्या आज्ञा अमलात आणणारी सिलिकॉनची चिप. इंटेल कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. अ‍ॅपलच्या २०२० मधील एम१ या चिपवर ते १,६०० कोटी आहेत. इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे १९६५ मध्येच म्हटले होते. पुढे कित्येक वर्षे तसेच घडत गेले आणि नवे ते नक्कीच पुष्कळ चांगले, ही समजूत गिऱ्हाइकाच्या अंगवळणी पडली. एके काळी ती बरीचशी खरीही होती.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. टेबलावरच्या संगणकातील प्रोसेसर बहुधा काढून दुसरा बसवता येतो. आजच्या बहुतेक सर्व लॅपटॉपांत तो मुख्य फलकावर कायमचा जोडलेला असतो. म्हणजे प्रोसेसर बदलणे याचा अर्थ सबंध यंत्र बदलणे. पडदा, कळफलक, बॅटरी सारे काही पुन्हा विकत घ्यायचे, आणि तेही अशा एका भागासाठी, जो पुष्कळदा मंदपणाचे कारण नसतोच.

संगणक रेंगाळू लागला की दोष प्रोसेसरवर येतो; खरा अपराधी बहुधा मेमरी किंवा डिस्क असते. एकाच वेळी अनेक पाने आणि कार्यक्रम उघडले की मेमरी भरते आणि यंत्र तात्पुरता मजकूर डिस्कवर ठेवू लागते. ती डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची असेल, तर तबकडी फिरून हवी ती जागा समोर येईपर्यंत प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो. अशा वेळी कितीही महागडा प्रोसेसर आणला, तरी तोही बसूनच राहणार. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क बसवली आणि मेमरी थोडी वाढवली, तर तेच यंत्र ओळखू न येण्याइतके तरतरीत होते. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती चढल्या हे खरे. तरीही संपूर्ण नव्या यंत्रापेक्षा हा खर्च कमीच राहतो. अर्थात काही लॅपटॉपांत मेमरीही फलकावर जोडलेली असते. ती वाढवता येते की नाही, हे विकत घेतानाच विचारलेले बरे. पण दुकानात हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही.

त्यातच उष्णतेची मर्यादा आहे. प्रोसेसर वेगाने चालला की तापतो. जाड लॅपटॉपमध्ये मोठा पंखा ती उष्णता बाहेर टाकतो; पातळ, दिखाऊ लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून प्रोसेसर स्वतःचाच वेग आवरतो. त्यामुळे एकच चिप असलेली दोन यंत्रे सारख्या वेगाने चालतील याची हमी नसते. यंत्रावरच्या चकचकीत पट्टीवर यातले काही लिहिलेले नसते. उलट त्या पट्टीवरचे आकडेही कधी कधी दिशाभूल करतात. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ७५२०यू या प्रोसेसरचे नाव घ्यावे. सुरुवातीचा ७ हा आकडा त्याला नव्या मालिकेत बसवतो. पण आतला मूळ आराखडा २०१९ मधला. तिसरा अंक २ हा त्या आराखड्याची पिढी सांगतो खरा. पण गिऱ्हाइकाला ही लिपी कोण शिकवणार?

सर्वांनीच जुने धरून बसावे, असा याचा अर्थ नव्हे. चित्रफिती संपादित करणारा, इमारतींचे त्रिमित आराखडे काढणारा किंवा मोठे सॉफ्टवेअर रचणारा माणूस रोज तासन्‌तास प्रोसेसरकडूनच काम घेतो. त्याचा वाचलेला वेळ हीच त्याची कमाई. त्याने वरचा प्रोसेसर घेणे हा हिशेबी निर्णय ठरतो.

आता कंपन्यांच्या नेतृत्वाकडे वळावे. चिपची कंपनी अभियंत्याने चालवावी, हिशेबनिसाच्या हाती दिली की ती बुडते, असे अनेकदा ठामपणे सांगितले जाते. या मताला आधार म्हणून इंटेलचेच उदाहरण दिले जाते. पॉल ओटेलिनी हे २००५ मध्ये इंटेलचे प्रमुख झाले. ते अर्थशास्त्राचे पदवीधर होते, अभियंते नव्हते. आयफोनसाठी चिप बनवण्याची संधी त्यांच्या काळात हुकली, कारण अ‍ॅपल देऊ करत असलेली किंमत अपेक्षित उत्पादनखर्चाहून कमी वाटली. हे त्यांनी स्वतःच २०१३ मध्ये सांगितले. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्याच कंपनीचा मागचा-पुढचा इतिहास त्याला साथ देत नाही.

ओटेलिनींच्या आधीचे क्रेग बॅरेट हे धातू-पदार्थविज्ञानातले डॉक्टरेट. त्यांच्याच कारकिर्दीत पेंटियम ४ च्या रूपाने गिगाहर्ट्‌झचा आकडा फुगवण्याची शर्यत लागली. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर रद्द करावा लागला, तेव्हा २००४ मध्ये एका सभेत बॅरेट यांनी अर्धवट थट्टेने गुडघे टेकून माफी मागितली. दरम्यान इस्रायलमधील हैफा येथील इंटेलच्याच गटाने २००३ मध्ये पेंटियम एम हा लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर दिला होता. त्याचा आकडा लहान, विजेचा वापर कमी आणि काम मात्र मोठ्या आकड्याच्या भावंडांच्या तोडीचे. ओटेलिनींनंतर आलेले ब्रायन क्रझानिच हेही कारखान्यातून वर आलेले अभियंते. तरी १० नॅनोमीटरच्या तंत्राला त्यांच्याच काळात वर्षानुवर्षे उशीर झाला. पॅट गेलसिंगर हे ८०४८६ या चिपच्या रचनेचे प्रमुख होते. ते २०२१ मध्ये आले आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले; त्या वर्षीचा तोटा १,८०० कोटी डॉलरांहून अधिक होता. इकडे अ‍ॅपलमध्ये एम१ चिप आली ती टिम कुक यांच्या काळात, आणि कुक यांचे नाव झाले होते ते मालपुरवठ्याच्या व्यवस्थापनात.

पदवीवरून नेतृत्व जोखणे फोल आहे. गिऱ्हाइकाच्या पैशाचे मोल वाढते ते प्रमुखाला प्रतिस्पर्ध्याचा धाक असतो तेव्हा. लिसा सू यांनी २०१४ मध्ये एएमडीची सूत्रे घेतली तेव्हा ती कंपनी डबघाईला आली होती. पातळ लॅपटॉपांतील आय फाइव्हमध्ये त्या काळात वर्षामागून वर्षे दोनच कोअर, म्हणजे काम करणारे दोनच गाभे असत. मार्च २०१७ मध्ये एएमडीचा रायझन आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेलने आठव्या पिढीच्या आय फाइव्हला जवळपास त्याच किमतीत चार कोअर दिले. चिप काही पाच महिन्यांत घडत नाही, हे मान्य. पण इतकी वर्षे हात आखडलेल्या कंपनीला ही उदारता नेमकी तेव्हाच सुचावी, यावरून काय समजायचे ते कोणीही समजू शकेल.

२०१७ च्या उन्हाळ्यात ज्याने सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतला, त्याला दोन कोअर मिळाले. दिवाळीपर्यंत थांबलेल्याला चार. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ आणताना इंटेलसाठी साधारणपणे आठव्या पिढीपासूनची रेषा आखली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. पहिल्याचे यंत्र त्या दिवशी रेषेबाहेर राहिले. त्यात एसएसडी बसवलेली असेल, तर पत्रे लिहायला आणि हिशेब मांडायला ते आजही पुरेसे आहे. लिनक्स ही मोफत प्रणाली त्यावर चालते. ती बसवून देणारा माहितगार तेवढा शोधावा लागतो.