कोपीतल्या मुलाशी बोलणार कोण?

दिवाळी सरली की राहुरी, नेवासा, श्रीरामपूर या उसाच्या पट्ट्यात बीडची आणि पाथर्डी-शेवगावकडची बिऱ्हाडे उतरू लागतात. कारखान्याच्या हिशेबात ही माणसे नसतात; ते कोयते असतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, मजुरी कोयत्यावर ठरते, खाडा झाला तर दंडही कोयत्यावरच बसतो. या हिशेबात न मावणारा एक जीव त्यांच्याबरोबर येत असतो, तो म्हणजे आईच्या कडेवरचे मूल. गावाकडच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याचे नाव असते, पण मूल तेथे नसते. येथे मूल असते, पण त्याचे नाव कोणत्याच वहीत नसते.

पहाटेच्या अंधारात जोडपे फडावर जाते. मूल तान्हे असेल तर बांधावरच्या झोळीत पडते. रांगते किंवा दुडदुडते असेल तर ते कोपीत राहते, आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन. तरुणांना बालसंगोपनाचे शिक्षण द्यावे, विशेषतः लहान मुलाची भाषा कशी फुलते हे त्यांना शिकवावे, अशी चर्चा आज शहरांतील परिसंवादांतून ऐकू येते. आपल्यातील पुष्कळांना ती सुखवस्तूंची हौस वाटते. परंतु उसाच्या पट्ट्यात हे काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या राबत आहेत. ते हात त्या बहिणीचे आहेत. तिला कोणी शिकवलेले नाही, तिला वेतन नाही आणि या कामापायी तिची स्वतःची शाळा बुडालेली आहे. तेव्हा लहानग्यांना सांभाळणारे कोणी हवे की नको, हा वाद निरर्थक आहे. हे काम एका बालिकेवर लादायचे, की एखाद्या जाणत्या तरुणाला शिकवून, रीतसर पगार देऊन त्याच्याकडे सोपवायचे, एवढाच प्रश्न आहे.

मूल आपोआप बोलू लागते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती निम्मीच खरी आहे. पहिला शब्द वर्षाच्या आगेमागे उमटतो. त्याची तयारी मात्र कितीतरी आधी सुरू झालेली असते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपण मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद ऐकून ओळखता येत होता. तशाच घरांतील दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता येईनासा झाला होता. म्हणजे कानावर काय पडते त्याप्रमाणे वर्षाच्या आतच मेंदू आपली वाट ठरवू लागतो. पुढे २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून बारा बैठकांत त्यांनी त्या भाषेतील ध्वनिभेद उचलले. तेच बोलणे चित्रफितीवरून ऐकवले तेव्हा काहीही उचलले नाही. कोपीत रडणाऱ्या मुलापुढे मोबाइल धरून त्याला गप्प करण्याची रीत आता रुळत चालली आहे. तिने मूल गप्प होते हे खरे. आणि नेमके तेच नको आहे. बाळाने हुंकार द्यावा आणि त्याकडे पाहून कोणीतरी उत्तर द्यावे, या देवघेवीतून भाषा येते. उत्तर देणारे माणूस हवे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन संशोधकांनी १९९५ साली असे मांडले की, गरीब घरातील मूल शाळेत जाण्यापूर्वीच सधन मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा जगभर गाजला. पण त्यांनी पाहिलेली कुटुंबे होती ४२, आणि त्यांत सरकारी मदतीवर जगणारी अवघी सहा. पुढे त्यावर भरपूर टीकाही झाली. अशा आकड्यांचा आधार घेऊन गरीब आई बोलत नाही, तिला बोलायला शिकवा, असा उपदेश करणारे आपल्याकडेही निघाले आहेत. तो आपण ठामपणे नाकारला पाहिजे. ऊस तोडणाऱ्या बाईची भाषा दरिद्री नाही. ओव्या, उखाणे, म्हणी, नात्यांची नावे, पिकापाण्याचे आणि गुराढोरांचे शेकडो शब्द तिच्या जिभेवर आहेत. दरिद्री आहे तो तिचा वेळ. चौदा-चौदा तास मोळ्या बांधून, वाहून आलेल्या बाईने चुलीपुढे बसून मुलाशी गुजगोष्टी कराव्यात, अशी अपेक्षा करणाऱ्याने एक दिवस फडावर काढून पाहावा. तिचा वेळ तिच्यापासून कोणी हिरावला, हे विचारल्यावाचून मुलाच्या भाषेचा विचार पुढे जाऊच शकत नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. तो आपण विसरलो आहोत, एवढेच. ताराबाई मोडक यांनी २४ डिसेंबर १९४५ रोजी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या, माँटेसोरीची पद्धती जाणणाऱ्या ताराबाईंपुढे बोर्डीत निराळाच पेच उभा राहिला. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, माती ही साधने झाली. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा आपल्या आजच्या प्रश्नाशी त्यांची थेट गाठ पडली. वारली मुले शाळेत येत ती धाकट्या भावंडाला काखोटीला मारून, नाहीतर येतच नसत. यावर अनुताईंनी हजेरीची सक्ती केली नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभारली. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली. धाकटे पाळण्यात, म्हणून थोरले वर्गात! या कामासाठी बालसेविका तयार करणे हा तेथील कार्याचा अविभाज्य भाग होता. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

नाव गेले, पाळणाघर मागे राहिले. आजच्या अंगणवाडीत तीन वर्षांवरील मूल बसते. त्याखालच्याच्या वाट्याला प्रामुख्याने घरी न्यायचा शिधा, लस आणि वजनकाटा येतो. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि सहाखालच्यांना राज्याच्या सदिच्छेवर, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. साखरशाळा निघाल्या त्याही शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. २००५ सालच्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच वा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला पूर्ण मजुरीवर नेमावे, असे म्हटले होते. हे कलम कागदावर फार सुंदर होते. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस, असे प्रमाण धरले गेले. पंचवीस तान्ह्यांना दोघींनी भरवायचे, पुसायचे, झोपवायचे. त्यांच्याशी बोलायचे केव्हा?

शिक्षणाची तऱ्हा याहून निराळी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेस सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीस वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. पण तो दूरचित्रवाणी व स्मार्टफोनवरूनही देता येईल, अशी पुस्ती जोडली. बोलणे शिकवण्याचे शिक्षणही पडद्यावरूनच! २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ मोहीम निघाली, तिच्यात सेविकेच्या वाट्याला तीन दिवस आले. ज्या सेविकेला केंद्राने २०१८ मध्ये मानधन ४,५०० रुपये ठरवून दिले, जिला ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, जी महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर होती, तिच्यावरच हा नवा भार. मानधन हा शब्द मोठा चलाख आहे. मान द्यायचा म्हणून धन द्यायचे नाही.

राहुरीला महात्मा फुले यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे. १९६८ पासून त्याने शेतीसाठी जे केले ते मोलाचे आहे. होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय येथेच सिद्ध झाली. वासराचे संगोपन हे शास्त्र आहे आणि ते शिकवावे लागते, हे या परिसरात कोणाला पटवावे लागत नाही. ज्यांचे नाव विद्यापीठाने धारण केले त्या जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन कार्यकर्त्यांनी पुन्हा वाचावे. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, ते लोकांत मिसळणारे, प्रसंगी नांगर हाती धरणारे असावेत आणि त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, असे त्यांनी सांगितले होते. माणूस त्याच समाजातला हवा, तो शिकवून तयार केलेला हवा आणि त्याला पोटभर पगार हवा. शिक्षकाविषयीच्या या तीन अटी बालसंगोपकाला जशाच्या तशा लागू पडतात.

म्हणून मागणी अशी केली पाहिजे की, राहुरीत अठरा वर्षांवरील तरुण-तरुणींसाठी वर्षभराचा बालसंगोपक अभ्यासक्रम निघावा. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा आहे, बालविकासाचे जाणकार आहेत. त्यांचे साहाय्य घेता येईल. निम्मे विद्यार्थी बीड-पाथर्डीच्या गावांतले असावेत. ते हंगामात टोळ्यांबरोबर येतील, कोप्यांच्या वस्तीवर पाळणाघर चालवतील आणि पावसाळ्यात त्याच मुलांबरोबर परत जाऊन गावच्या अंगणवाडीला जोडले जातील. मुलाची भाषा संगोपकाला आली पाहिजे, ही अट मी सर्वांत वर ठेवीन. कोपीत वंजारी वळणाची मराठी आहे, बंजाऱ्यांची गोरमाटी आहे. राहुरी तालुक्याच्या भिल्ल वस्त्यांत आणखी वेगळी बोली आहे. पुस्तकी मराठी मागाहून येईलच. आधी घरच्या बोलीत कोणी उत्तर देणारे हवे. वर्गात शिकवायचे तेही साधेच आहे. न्हाऊ घालताना, भरवताना कसे बोलावे, बाळाच्या बडबडीला थांबून कसे उत्तर द्यावे, बोटांचे खेळ, अंगाई, बडबडगीते, चिंध्यांची बाहुली. आणि एखादे मूल आवाजाला वळून पाहत नसेल तर ते बहिरे असू शकते, हे वेळीच ओळखून दवाखान्यात न्यावे. ही गोष्ट साधी आहे, पण तीन दिवसांत अंगी बाणणारी नाही. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ च्या सुमारास आरोग्यखात्याच्या साध्या सेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा कुपोषित बालकांच्या घरी जाऊन आईला घेऊन मुलाशी खेळत, बोलत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक आढळली.

मुलगेही घ्यावेत, यावर काही साथी हसतील. हसू द्यावे. मूल सांभाळणे हे बाईचे जन्मजात काम मानले, म्हणूनच त्याची मजुरी शून्य ठरली.

पैसा कोठून येणार, हा प्रश्न विचारला जाईलच. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी देण्याचे ठरलेले आहे. त्यातून पाळणाघरांचा पहिला हक्काचा वाटा काढावा. मात्र एका गोष्टीवर करडी नजर हवी. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि बारावी ते पदवीधर तरुणांना सहा ते दहा हजारांच्या विद्यावेतनावर कचेऱ्यांत बसवले. मुदत सरली की पुढे काय, हे विचारीत त्यांना आंदोलने करावी लागली. बालसंगोपकाच्या नावाखाली शिकाऊंची अशीच एक स्वस्त फौज उभी राहिली, तर अंगणवाडी सेविकांची झुंज दुबळी होईल आणि मुलाच्या वाट्याला दर सहा महिन्यांनी नवे माणूस येईल. मूल बोलते ते ओळखीच्या माणसाशी. कायम नेमणूक ही केवळ कामगाराची गरज नाही, ती मुलाचीही आहे. त्यासाठी सेविकांच्या संघटनांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे लागेल.

कोयत्याच्या दराचा आणि मुकादमाच्या जाचाचा लढा बाजूला ठेवून हे करा, असे मी म्हणत नाही. परंतु दराच्या वाटाघाटी होतात तेव्हा आपल्या मागणीपत्रकात पाळणाघर शेवटच्या ओळीत असते आणि तडजोडीत सर्वांत आधी तेच गळते. येत्या हंगामात निदान राहुरी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गाळप सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात कोप्यांची मोजणी करावी. सहा वर्षांखालील मुले किती, घरी कोणती बोली, दिवसा त्यांना कोण सांभाळते आणि सांभाळणाऱ्या मुलीचे नाव कोणत्या शाळेच्या कितवीच्या पटावर आहे, हे चार रकाने पुरेत. ती यादी हाती घेऊन मग साखर कारखान्याच्या आणि तहसीलदाराच्या कचेरीत जावे.