सावध राहा म्हणजे काय करा?

सणवार जवळ आला, किंवा देशाच्या एखाद्या कोपऱ्यांत स्फोट झाला, कीं ‘हाय अलर्ट’ हे दोन शब्द सर्वत्र झळकूं लागतात. स्टेशनांवर पिशव्या तपासल्या जातात, नाक्यांवर लोखंडी अडथळे उभे राहतात, आणि नागरिकांनीं सावध राहावें असा उपदेश होतो. पंधरा दिवसांनीं तपासणारा शिपाई दिसेनासा होतो. अडथळे मात्र रस्त्याच्या कडेस तसेच पडून राहतात. इशारा सुरू झाला हें लोकांस कळतें. तो केव्हां संपला हें कोणी सांगत नाहीं. पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्यानें नोकरांस कोणती आज्ञा द्यावी, मुलें शाळेंत असलेल्या मातेनें काय करावें, याचा त्या उपदेशांत उल्लेखहि नसतो. आमचा प्रश्न एवढाच आहे कीं, सावध राहा म्हणजे नक्की काय करा?

हा प्रश्न शब्दच्छलाचा नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दहा सशस्त्र इसम समुद्रमार्गें मुंबईवर चालून आले व १६६ माणसें प्राणांस मुकलीं. तत्पूर्वीं इशारे आले नव्हते असें नाहीं. ताजमहाल हॉटेलास पूर्वसूचना होती, त्यावरून कांहीं बंदोबस्त वाढविला होता व पुढें तो सैल केला, हें टाटा समूहाच्या तत्कालीन अध्यक्षांनींच सांगितलें होतें. राज्य सरकारनें नेमिलेल्या प्रधान समितीनेंहि ठरलेली कार्यपद्धति पाळली गेली नाहीं असें नमूद केलें. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल दिल्लीहून पोहोंचावयास दुसरा दिवस उजाडला. मधल्या तासांत तुकाराम ओंबळे यांनीं एका हल्लेखोराची बंदूक धरून ठेविली व देह ठेविला. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णु झेंडे यांनीं ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांस बाहेरची वाट सांगून अनेकांचे प्राण वाचविले. त्यांच्या धैर्यापुढें आम्ही नतमस्तक आहों. परंतु जेथें सर्व भार एकट्यादुकट्याच्या धैर्यावर पडतो, तेथील व्यवस्था अपुरी ठरली हें कबूल केलें पाहिजे.

त्यानंतर सरकार स्वस्थ बसलें असें आम्ही म्हणत नाहीं. २००८ सालींच राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. २००९ सालीं सुरक्षा रक्षक दलाचें केंद्र मुंबईस आलें. पण ही तयारी बहुतांशीं हल्ला झाल्यानंतरची आहे. धोका मंद असतां काय करावें, वाढला तर काय, दारांत आला तर काय, या पायऱ्या सामान्य माणसास कोणीं सांगितल्या आहेत?

ब्रिटनमध्यें २००६ सालापासून धोक्याच्या पांच पायऱ्या आहेत व चालू पायरी कोणती हें लोकांस जाहीर केलें जातें. मे २०१७ मध्यें मँचेस्टर येथें संगीताच्या जलशाच्या अखेरीस स्फोट होऊन २२ जण मृत्युमुखीं पडले; तेव्हां श्रेणी सर्वोच्च पायरीवर नेली, पोलिसांच्या मदतीस सैनिक दिले, आणि चारपांच दिवसांत ती पुन्हां एक पायरी खालीं आणली. त्यांचें सर्वच अनुकरणीय होतें असें नाहीं. त्याच रात्रीं अग्निशामक दलास घटनास्थळीं येण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. मात्र त्या चुकीची जाहीर चौकशी झाली. एका मृताच्या मातेनें चळवळ केली व २०२५ सालीं कायदा झाला. २०० वा अधिक माणसें जमण्याजोग्या जागेच्या चालकानें लोकांस बाहेर काढण्याची, दारें लावून आंत सुरक्षित ठेवण्याची व सूचना देण्याची पद्धति आधींच ठरवावी. ८०० वा अधिकांच्या जागेस याहून जास्त बंधनें. तयारीसाठीं निदान दोन वर्षांची मुदतहि दिली आहे.

उलट उदाहरण अमेरिकेचें. तेथें २००२ सालीं पांच रंगांची श्रेणी काढली, पण ती पिवळ्या रंगाखालीं कधींच उतरली नाहीं. अखंड वाजणारी घंटा कोण ऐकतो? २०११ सालीं ती मोडीत काढून प्रत्येक इशाऱ्यास समाप्तीची तारीख लावण्याची रीत घातली. कायद्याच्या अभ्यासकांस यांतील मर्म सांगावयास नको. आमच्याकडे १९८५ सालीं दोन वर्षांकरितां म्हणून आणलेला टाडा १९९५ पर्यंत चालला. ज्या इशाऱ्यास शेवट नाहीं तो इशारा राहत नाहीं, आणि ज्या विशेष अधिकारास मुदत नाहीं तो विशेष राहत नाहीं.

म्हणून आमची मागणी तीन गोष्टींची आहे. धोक्याच्या पायऱ्या सरकारनें मराठींत जाहीर कराव्या. प्रत्येक पायरीस स्टेशन, रुग्णालय, शाळा, बाजार व मंगल कार्यालय येथें कोणीं काय करावयाचें हें छापून दर्शनी भागीं लावावें. आणि प्रत्येक इशाऱ्यावर आरंभाची व अखेरीची तारीख असावी. गुप्त माहिती उघड करा असें आम्ही म्हणत नाहीं; कर्तव्य उघड करा, एवढेंच म्हणतों. व्यापारीवर्गासहि आमचें सांगणें आहे कीं, दुकानाच्या मागील दारास कुलूप घालून व जिन्यांत खोके रचून केवळ सरकारास दोष देतां येणार नाहीं. संकट सांगून येत नाहीं; पण त्या वेळीं काय करावयाचें हें आधीं सांगून ठेवतां येतें. तें सांगणें सरकारचें काम आहे, आणि ऐकून त्याप्रमाणें वागणें आपलें.